कोंडवाडेवाला पिंडर

“शिंगाला धर रे, नुसता ढकलतोयस काय!” पबच्या दारातून मी ओरडले आणि सगळी हसली. मेंढा गावच्या हिरवळीवर चारी पाय रोवून उभा, आणि त्याच्यामागे लालबुंद झालेला क्लिफर्ड पिंडर.

“ग्लेनिस, तू आपली बीअर ओत. मेंढ्यांचं मला शिकवू नकोस. माझ्या बापजाद्यांनी दुसरं केलंय काय?”

हे मात्र खरं. आमच्या यॉर्कशायरात बरीच आडनावं कुणाच्या तरी पोटापाण्यावरून पडलेली. स्मिथ म्हणजे लोहार. लोहाराशिवाय कुठल्याच गावाचं चालत नाही, म्हणून स्मिथ पैशाला पासरी. पिंडर म्हणजे कोंडवाडेवाला. मोकाट सुटलेली गुरं-मेंढरं धरायची, कोंडायची आणि मालकाकडून दंड घेऊन सोडायची. एका गावाला कोंडवाडा एकच, त्यामुळे पिंडरही एकच, आणि त्याला शिव्या घालणारा अख्खा गाव. असलं नाव पसरणार तरी किती? इकडे उत्तरेत थोडे आहेत. खाली लंडनकडे सांगितलं तर लोक दोनदा विचारतात. क्लिफर्डला त्याचाच तोरा. “स्मिथ काय, दगड उचलला की सापडतो,” असं तो म्हणायचा.

बाकी माणसात तोरा मिरवण्यासारखं काही नव्हतं. उभा जन्म रस्तेखात्यात गेला. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकायचं, उन्हाळ्यात खड्डे बुजवायचे, एरवी गटारांतला पाला उपसायचा. बायको डोरीन गेली तेव्हापासून रविवारी तो कोंडवाड्याची पडकी भिंत एकट्यानं रचत बसायचा. दगडावर दगड, मध्ये चुना नाही की माती नाही. मी म्हणायचे, “अरे बाबा, आता कुणाची गुरं सुटतात?” तर म्हणायचा, “न सुटोत. जागा तयार पाहिजे.”

खऱ्या कामाला त्या कोंडवाड्याचा उपयोग संपून जमाना झाला, पण सप्टेंबरातल्या जत्रेला एक खेळ अजून चालतो. ब्रॅमवेल आयव्हसन हा आमच्याकडचा, थॉर्नबेक मळ्यावरचा शेतकरी; तो आपला मेंढा मुद्दाम हिरवळीवर सोडतो. पिंडर तो धरून कोंडतो आणि फाटकाला कुलूप घालतो. मग मालकानं टोपी काढून फाटकापाशी यायचं, आपलं पूर्ण नाव घ्यायचं आणि म्हणायचं, “हे माझं आहे. पिंडर, सोड.” वर पिंडरला बीअरचा एक पेला द्यायचा. अर्धा पिंडरनं प्यायचा, अर्धा त्याच्यानंतर चावी घेणाऱ्या पिंडरला द्यायचा. नियम एवढाच, की चावी पिंडर नाव लावणाऱ्याच्याच हातात. नाव संपलं की खेळ संपला, चावी चर्चच्या भिंतीला टांगायची.

आणि नाव आता एका धाग्यावर होतं. गावात पूर्वी पाच घरं पिंडरांची होती. उरला क्लिफर्ड आणि त्याचा एकुलता एक मुलगा एड्रियन, तोही दूर हॅरोगेट शहरात. क्लिफर्डचे गुडघे गेलेले. यंदा चावी पोराच्या हातात द्यायची, हे त्यानं मला वर्षभर इतक्यांदा ऐकवलं होतं की माझे कान किटले.

एड्रियन आला. बरोबर बायको लिंडसी, तिचे वडील मिस्टर विंटरबर्न. घरांच्या खरेदीविक्रीचा त्यांचा मोठा धंदा. हिरवळीवर शेण चुकवत चुकवत चालत होते. जूनमध्ये पोराचं लग्न झालं तेव्हा क्लिफर्ड नवा कोट घालून इतका नाचला होता की दुसऱ्या दिवशी त्याला काठी घ्यावी लागली.

मेंढा एकदाचा आत गेला. कुलूप लागलं. क्लिफर्डनं कोटाच्या बाहीनं चावी पुसली. आमच्या पाद्रीणबाई पुढे आल्या आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “चावी कोण घेतो? नाव सांग.”

“एड्रियन पिंडर,” पोरगा म्हणाला. जरा खालच्या आवाजात, पण म्हणाला.

तेवढ्यात मागून मिस्टर विंटरबर्न खो खो हसले. “जुनी सवय हो! जायला वेळ लागणारच. अहो, जूनपासून तो विंटरबर्न आहे. कागदोपत्री, ऑफिसच्या बोर्डावर, सगळीकडे. मला मुलगा नाही ना, तर म्हटलं, जावईच मुलगा.” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना वाटलं, गावाला आनंद होईल.

क्लिफर्डचा चावीचा हात पुढे होता तो तसाच राहिला.

“खरंय?”

“बाबा, मी सांगणारच होतो…”

“कधी? मी मेल्यावर? थडग्यावर येऊन?”

“इथे नको ना. लोक बघतायत.”

“लोकांसमोर आत्ता खोटं नाव घेतलंस तेव्हा नव्हते का लोक? माझ्या हातातल्या चावीवर खोटं बोललास, एड्रियन.”

“तुला बरं वाटावं म्हणून बोललो!” पोरगा चिडला. चिडलं की माणूस पोटातलं बोलतो. “शाळेत मला ‘कोंडवाड्या’ म्हणून चिडवायचे, तुला माहितीये? त्यांच्याकडे धंदा आहे, माणसं आहेत. तुझ्या नावामागे काय आहे? चार भिंती आणि उसना मेंढा!”

ब्रॅमवेलनं पिंडरला द्यायचा तो बीअरचा पेला माझ्या हातात होता. देवाशपथ सांगते, त्याच्या तोंडावर फेकावा असं वाटलं. लिंडसी मात्र रडवेली होऊन म्हणाली, “तू मला म्हणालास, तुझ्या बाबांना विचारलंय म्हणून.” म्हणजे तिलाही फसवलं होतं.

क्लिफर्डनं चावी खिशात घातली. ब्रॅमवेलनं कसंबसं नाव घेऊन मेंढा सोडवला आणि शिंगाला धरून नेला. गडबडीत पेला द्यायचा राहून गेला, तो माझ्याच हातात. लोक मांजरपावलांनी पबकडे पांगले. आनंदीआनंदच तो.

मग क्लिफर्ड आत गेला. रिकाम्या कोंडवाड्यात. आतून हात बाहेर काढून कुलूप घातलं, आणि मधल्या दगडावर बसला. मला वाटलं, श्वास घ्यायला बसला असेल. पण तो उठेना.

एड्रियन फाटकापाशी आला. राग उतरला होता. “बाबा, तमाशा नको. चल घरी. चहा करतो तुला.”

“कोण आहे?”

“बाबा, काय हे?”

“कोंडवाड्यातलं न्यायचं तर रीत आहे. नाव घ्यायचं. माझं आहे म्हणायचं. मग पिंडर सोडतो.” आवाज चढवला नव्हता, थट्टाही नव्हती. हा माणूस उत्तराची वाट बघत होता. मला कळलं, आणि पोरालाही कळलं.

एड्रियननं दोन्ही हातांनी फाटक धरलं. “मी एड्रियन…” एवढं म्हणून तो थांबला. तिकडे मोटारीजवळ सासरा उभा होता. एड्रियननं एकदा तिकडे बघितलं, एकदा बापाकडे.

“पुढे?” क्लिफर्ड म्हणाला.

मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल मेल्या, काहीतरी बोल, विंटरबर्न तर विंटरबर्न, पण ‘माझा बाप आहे’ एवढं तरी म्हण. त्याची मान खाली गेली ती गेलीच.

मेंढा बांधून ब्रॅमवेल परत आला होता. क्लिफर्डशी त्याचं बांधावरून दोनदा हातघाईवर आलेलं, डॉमिनोच्या डावात तर दर शुक्रवारी. तो माझ्याजवळ आला, माझ्या हातातला पेला काढून घेतला, टोपी काढून काखेत मारली आणि फाटकापाशी जाऊन उभा राहिला.

“मी ब्रॅमवेल आयव्हसन. थॉर्नबेकचा,” तो म्हणाला. “हे म्हातारं आमच्या गावाचं आहे. पिंडर, सोड.”

क्लिफर्ड गुडघ्यांवर हात टेकून उठला, कुलूप काढलं, बाहेर आला. पेला घेतला, सावकाश अर्धा प्यायला, आणि सवयीनं उरलेला उजवीकडे पुढे केला. इतकी वर्षं पोरगा तिथेच उभा राहायचा. आजही होता. त्याचा हात वर आलाही.

क्लिफर्डनं पेला मागे घेतला, स्वतः रचलेल्या भिंतीवर सपाट दगड बघून ठेवला आणि ब्रॅमवेलच्या खांद्याला धरून घराकडे चालू लागला.

दिवस कलल्यावर मी हिरवळीवरचे पेले गोळा करायला गेले. सगळे उचलले. तो भिंतीवर तसाच होता, अर्धा भरलेला. तेवढा मात्र मी उचलला नाही.