मधून खाट गेली तेव्हा

नरेंद्रचा धंदाच बघण्याचा. डोळ्यांसमोरची वस्तू माणसाला कधी दिसते आणि कधी समोर असूनही दिसत नाही, यावर तो पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करायचा. गावी, धनजला, त्याची आई ललिताबाई सांगायची की पोरगा डोळ्यांचा डॉक्टर आहे. मग तो सुट्टीवर आला की म्हातारेकोतारे मोतीबिंदू दाखवायला दारात हजर. आपण ते डॉक्टर नाही हे समजावून सांगण्यात त्याचा अर्धा दिवस जायचा, आणि खरं सांगायचं तर तो अर्धा दिवस त्याला फार आवडायचा.

असा माणूस मुलगी बघायला निघाला, म्हणजे घरच्याच मैदानावर खेळायला निघाला असं त्याला वाटत होतं. मुलगी मानोऱ्याच्या दौलतरावांची, नाव ज्योत्स्ना, शाळेत विज्ञान शिकवायची. महिनाभर दोघं फोनवर बोलत होते. व्हिडिओ कॉल नको, समोरासमोरच पाहू, असं तिनं म्हटलं होतं, म्हणून त्यानं तिच्या फोटोवर भागवलं होतं. ती त्याला मनापासून आवडली होती. तिनं हो म्हणावं म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता. याआधीच्या स्थळांनी 'मुलगा फार बोलतो' म्हणून नकार कळवला होता. हेही त्यानं तिला सांगून टाकलं होतं, चांगलं तासभर.

त्याच बोलण्यात त्यानं तिला एक गाजलेला प्रयोग ऐकवला होता. रस्त्यात एक अनोळखी माणूस तुम्हाला पत्ता विचारतो. तुम्ही सांगत असताना दोघं जण मधून एक मोठं दार उचलून नेतात. त्या दाराआड पत्ता विचारणारा बदलतो, आणि निम्म्या लोकांना समोर दुसराच माणूस उभा आहे हे कळतही नाही. डोळ्यांत चित्र पडतं, पण लक्ष दुसरीकडे असेल तर मनाला त्याचा पत्ता नसतो. तुमचंही असं होऊ शकतं का, असं ज्योत्स्नानं विचारलं होतं. छे, आमची नजर तयार झालेली असते, असं नरेंद्रनं छातीठोकपणे सांगितलं. या विधानाला त्याच्याकडे काडीचाही पुरावा नव्हता.

रविवारी मायलेक मानोऱ्याला पोचले. दौलतरावांनी पाऊसपाणी, सोयाबीनचे भाव असं सगळं विचारून झालं. मग हिरव्या साडीतली मुलगी पोहे घेऊन आली आणि मान खाली घालून समोरच्या खुर्चीवर बसली. फोनवर एवढी बोलणारी मुलगी आता नुसती मान हलवत होती. लाजली बिचारी, असं नरेंद्रला वाटलं, आणि तिला धीर यावा म्हणून त्यानं आपला विषय काढला. बशीतले पोहे चमच्यानं गोल करून त्यानं डोळा तयार केला. शेंगदाण्याची बाहुली केली. मेंदूकडे जाणारी नस दाखवायला शेव वापरली.

मग दाराच्या त्या प्रयोगापाशी येऊन तो रंगात आला असतानाच ज्योत्स्नाचा भाऊ लखन आणि शेजारचा फुलचंद एक खाट उभी धरून खोलीत शिरले. अंगणात पाहुण्यांना बसायला पाहिजे, असं काहीसं लखन पुटपुटला. खाट नरेंद्र आणि खुर्चीच्या बरोबर मधून गेली, तिथं जरा अडकली, मग दाराबाहेर पडली. नरेंद्रनं बशी सावरली, सांभाळून न्या म्हणून सूचनाही दिली, आणि सोडलेलं वाक्य जिथल्या तिथं उचललं.

खुर्चीतून प्रश्न आला, "मंग निम्म्या लोकाईले समजतच नाई?"

"नाहीच समजत," नरेंद्र खुलून म्हणाला. "त्यांचं लक्षच नसतं ना."

दौलतराव पंख्याकडे बघत होते. लखनला दारात ठसका लागला. ललिताबाईंनी पदर तोंडात धरला होता.

"रेणू, ये वं बाहेर," खुर्चीतली मुलगी म्हणाली, आणि आतून हिरव्या साडीतली मुलगी आली. नरेंद्रनं तिच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. खुर्चीतली साडी पिवळीजर्द होती.

"पोहे हिनं आणले होते. थे माही चुलत बहीण," ज्योत्स्ना म्हणाली. "खाट मधात आली तवा मी बसली. काय दिसलं मंग तुमाले?"

महिनाभर ज्या फोटोकडे तो बघत बसला होता, तो चेहरा हातभर अंतरावर होता. अवधानाच्या मर्यादा, संशोधकांतले मतभेद, अशी उत्तरं त्याच्या जिभेवर तयार होती. पण त्याला एवढी लाज वाटली की त्यातलं एकही बाहेर पडेना.

"मी मलाच बघत होतो," तो म्हणाला. "मी किती छान समजावतोय, ते."

ज्योत्स्ना हसली नाही. तिनं पोह्यांचा डोळा बशीसकट उचलला आणि विचार करून कळवते म्हणून आत गेली.

कारंजाला एसटी बदलून दोघं धनजवरून जाणाऱ्या अमरावतीच्या गाडीत बसले. नरेंद्रचा जीव थाऱ्यावर नव्हता. या मुलीनं नाही म्हटलं तर ते योग्यच होतं, आणि म्हणूनच ते फार लागणार होतं.

"आई, तुले समजलं होतं?" त्यानं विचारलं.

"तवाच. मले वाटलं, तुले दिसलं असन."

तेवढ्यात फोन वाजला. ज्योत्स्नाचा निरोप होता. 'एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये, असं मी मुलांना शिकवते. पुढच्या रविवारी परत या. या वेळी खाट नसेल.'

नरेंद्रनं तो वाचला. परत वाचला. खाटेपाशी आला की त्याला हसू यायचं, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एवढा आनंद त्याला कुठला शोधनिबंध छापून आल्यावरही झाला नव्हता. पोटभर वाचून झाल्यावर त्यानं मान वर केली, तर खिडकीबाहेर भलतीच शेतं होती. ललिताबाई पिशवी मांडीवर घेऊन निवांत बसल्या होत्या.

"आई, धनज?"

"कवाच गेलं," ललिताबाई म्हणाल्या. "मले वाटलं, तुले दिसलं असन."