पाचपैकी पाच

"रडतोय का हा?" केरिनच्या कानातल्या इअरफोनमधून बाहेर बसून कॅमेऱ्यावर बघणाऱ्या तिच्या साहेबाचा, ब्रेडनचा आवाज आला. "रडतोय. खरंच रडतोय. हलू नकोस. एक शब्द बोलू नकोस."

केरिन हलली नाही. समोर मर्व्ह टॅलिस, वय वर्षं एकाहत्तर, राहणार नॉर्लेन, लाकूड घासून घासून खरखरीत झालेल्या बोटांनी डोळ्यांच्या कडा पुसत पडद्याकडे बघत बसला होता. पडद्यावर ताटलीएवढी हिरवी बरोबरची खूण होती आणि तिच्याखाली केरिनने स्वतः लिहिलेली दोन वाक्यं. 'झालं. आता तुम्हाला काहीही करायचं नाही.'

"बेव्ह असती ना," मर्व्ह म्हणाला, "तर तिचा विश्वासच बसला नसता. मी, आणि जीएसटीचं विवरणपत्र. अगं, मला ती किराण्याची यादीसुद्धा लिहू द्यायची नाही. म्हणायची, तू फक्त पिशव्या उचल."

बेव्ह म्हणजे त्याची बायको. जुलैत, ऑस्ट्रेलियातल्या ऐन थंडीत गेली, त्याला तीन महिने झाले होते. मर्व्हने एकोणतीस वर्षं जिलाँगच्या मोटार कारखान्यात दरवाजे बसवले. कारखाना बंद पडल्यावर तो घरामागच्या शेडमध्ये झाडांवर राहणाऱ्या पॉसम नावाच्या छोट्या प्राण्यांसाठी आणि रोझेला पोपटांसाठी लाकडी घरटी करायला लागला आणि बेव्ह ती ऑनलाइन विकायला लागली. फोटो ती काढायची, गिऱ्हाइकांना उत्तरं ती द्यायची, दर तिमाहीचं विवरणपत्र तीच भरायची. ती गेली आणि मर्व्हला कळलं, की आपण घरटी करत होतो आणि धंदा ती करत होती.

केरिनच्या कंपनीने नेमक्या अशाच लोकांसाठी नवं साधन बांधलं होतं. ऑनलाइन दुकानाच्या पोटातच एक बटण. हिशेबनीस नको, कर खात्याच्या वेबसाइटवर जाऊन डोकं आपटणं नको. तिथल्या तिथे विवरणपत्र भरा, कराची रक्कम विक्रीतून आपोआप वळती. बटणं कुठे, प्रश्न कुठल्या शब्दांत, घाबरलेल्या माणसाला कुठे थोपटायचं, हे सगळं आखण्याचं काम केरिनचं. हे साधन बाजारात कधी जाणार, तर बाहेरची पाच माणसं कुणाच्याही मदतीशिवाय ते शेवटपर्यंत भरून दाखवतील तेव्हा. पाचपैकी पाच. चार चालणार नाहीत.

आणि चाचणीचा नियम तर परीक्षेच्या हॉलपेक्षा कडक. समोरच्याला मदत करायची नाही. त्याने विचारलं "हे दाबू का?" तर म्हणायचं "तुम्हाला काय वाटतं?" भुवईसुद्धा उचलायची नाही. परीक्षेत निदान पर्यवेक्षक पाणी तरी आणून देतात.

मर्व्ह पाचवा होता. त्याला खरं वाटावं म्हणून ब्रेडनने नकली दुकानात मर्व्हच्याच दुकानाचे फोटो चिकटवून घेतले होते. आकडे त्याचेच, कागद त्याचेच, पोपटही त्याचेच. फक्त बटण खोटं होतं. त्यातून कर खात्याकडे काहीही जात नव्हतं.

हे सांगणारा परिच्छेद केरिनच्या हातातल्या कागदावर सगळ्यात शेवटी होता. 'ही केवळ चाचणी होती. तुमचं विवरणपत्र भरलं गेलेलं नाही. कृपया ते नेहमीप्रमाणे भरावं.' हा परिच्छेद निरोप देताना मोठ्याने वाचायचा, असा नियम होता. केरिनने कागद उचलला.

"वाचू नकोस," कानात ब्रेडन. "कॅमेरा चालू आहे. हे सोनं आहे, सोनं. तू ते 'कृपया भरावं' सुरू केलंस की त्याचा चेहरा पडेल आणि माझी चित्रफीत मेली."

केरिनने कागद खाली ठेवला.

मर्व्ह उठला. त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला. "पोरी, तुला कल्पना नाही तू काय केलंस ते. तीन महिने झोप नव्हती मला." शेहेचाळीस वर्षांच्या केरिनला कित्येक वर्षांत कुणी पोरी म्हटलं नव्हतं. ती फक्त हसली. मर्व्ह ऐंशी डॉलरचं बक्षीस-कार्ड खिशात घालून, पायऱ्या धरत धरत, जुन्या लोकरीच्या गोदामाच्या त्या झकपक ऑफिसातून निघून गेला.

"शेवटचा परिच्छेद राहिला," केरिन बाहेर येऊन म्हणाली.

"संमतीपत्राच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे की," ब्रेडन म्हणाला. "त्याने सही केलीय."

"त्याचा चष्मा नव्हता तेव्हा डोळ्यांवर."

"मग तो त्याचा चष्मा, माझा नाही." ब्रेडन एकतीस वर्षांचा होता आणि सगळ्यांशी हसून बोलायचा, हीच त्याची वाईट खोड. "काउंटर, आज पाचपैकी पाच झाले. तुझी नोकरी पक्की करायचा कागद मी उद्या वर पाठवतोय. तू आता मला चष्म्याचं सांगणार?"

तिला ऑफिसात काउंटरच म्हणत. बावीस वर्षं ती बँकेच्या काउंटरवर होती. बँकेने शाखा बंद केली आणि केरिनने चाळिशी उलटल्यावर, आपल्या भाचीच्या वयाच्या मुलांशेजारी बसून हे नवं काम शिकून घेतलं. सहा-सहा महिन्यांच्या करारावर तिला इथे घेतलं होतं, तीनदा. चौथ्यांदा देणार नाहीत, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. बाकीच्यांना चौकटी आणि रंग तिच्यापेक्षा चांगले जमायचे. तिला एकच गोष्ट जमायची. काउंटरवर शिक्का मारून पासबुक परत देताना ती प्रत्येक म्हाताऱ्याला म्हणायची, झालं बरं का, आता काही करायचं नाही. म्हातारे इतके निर्धास्त होऊन जायचे की दारापाशी छत्री विसरायचे. तेच वाक्य तिने पडद्यावर आणलं होतं, आठ वेळा खोडून.

ती मर्व्हला फोन करणार होती. अगदी नक्की करणार होती. त्या दिवशी केक कापला, राहिलं. दुसऱ्या दिवशी मीटिंगा. चौथ्या दिवशी वाटलं, आता फोन करून काय सांगायचं, त्या दिवशी का नाही सांगितलं म्हणून विचारेल. आठव्या दिवशी नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं. त्यानंतर मर्व्हला फोन करणं म्हणजे पाचवी चाचणी नियमाप्रमाणे झालीच नव्हती, असं स्वतःच्या तोंडाने कबूल करणं होतं. माणूस एकदा लाजेने गप्प बसला की पुढे फायद्याने गप्प बसतो. तिचं तसंच झालं.

मर्व्हची चित्रफीत मात्र गाजली. मेलबर्नला दाखवली, सिडनीला दाखवली, पैसे गुंतवणाऱ्यांसमोर दाखवली. साधन बाजारात आलं. ऑफिसात मर्व्हच्या डोळे पुसणाऱ्या चेहऱ्याचं छोटं चित्र करून ते सगळे एकमेकांना पाठवायचे. कुणाचं काम वेळेत संपलं, पाठव रडका मर्व्ह. कँटीनमध्ये खायला काही उरलं, पाठव रडका मर्व्ह. पहिल्यांदा केरिनने ते चित्र बघून मान फिरवली. नाताळच्या सुमारास ती हसली. फेब्रुवारीत तिने स्वतःच एक पाठवलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळे तिला काउंटरऐवजी केरिन म्हणाले.

सप्टेंबरात मर्व्ह आला. आधी कळवून वगैरे नाही. खाली येऊन उभा राहिला आणि "ती भली बाई आहे का, केरिन नावाची?" असं विचारलं.

ब्रेडनने वरून डोकावून पाहिलं. "अरे, हा तर खरा रडका मर्व्ह," तो म्हणाला. मग त्याने मर्व्हच्या हातातला जाड पाकिटांचा गठ्ठा पाहिला आणि हसू आवरलं. "ऐकून घे. हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. आणि लिहून काही देऊ नकोस. कंपनीच्या नावाने चूक लिहून देणारा माणूस कंपनीत राहत नाही, एवढं तुला माहीत आहेच."

चाचणीच्याच खोलीत केरिनने त्याला बसवलं. मर्व्हची कॉलर त्याला मोठी झाली होती.

"ओळखलंस का, पोरी?"

"ओळखलं तर. बसा ना, मर्व्ह. चहा?"

"नको. तुमच्याकडची माणसं फार गोड आहेत हं. खालची मुलगी माझ्याकडे बघून अशी हसली, जशी काही जन्माची ओळख." त्याने पाकिटं टेबलावर ठेवली, कडेला कडा जुळवून. "हे बघ, मी एक घोळ घालून ठेवलाय. त्या दिवशी ते शेवटचं बटण मी दाबलं ना, ते बहुतेक नीट दाबलंच गेलं नाही. माझी बोटं बघ कशी आहेत. तेव्हापासून कर खात्याकडे माझं एकही विवरणपत्र गेलेलं नाही. चार तिमाह्या. चारही वेळा दंड."

"तुम्हाला कळलं नाही मध्ये?"

"त्यांची पत्रं बेव्हच्या ईमेलवर जायची. ते मी उघडत नाही. शेवटी ही टपालाने घरी आली, तेव्हा कळलं." त्याने पाकिटांवर बोट टेकवलं. "आणि तिथं लिहिलेलंच होतं ना, आता काहीही करायचं नाही. मग मी काही केलं नाही. सांगितलेलं ऐकतो मी. बेव्हला विचार हवं तर." आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन तो स्वतःच कसनुसा हसला.

"पैशांचं काय केलंत?"

"पहिला हप्ता भरला. विजेची करवत विकली. आता हातकरवतीने करतो. दिवसाला तीन घरटी व्हायची, आता दीड होतं. अर्धं घरटं कोण घेतो?"

केरिनने वरच्या पाकिटातलं दंडाचं पत्र काढून बघितलं.

"पण खात्यातल्या बाई फोनवर फार चांगल्या बोलल्या," मर्व्ह म्हणाला. "म्हणाल्या, तुम्ही ज्या कंपनीतून भरलंत त्यांची काही चूक असेल तर त्यांचं एका ओळीचं पत्र आणा. सगळा दंड माफ करतो, भरलेलाही परत देतो. मी म्हटलं, छे हो बाई. त्या पोरीने इतकं मन लावून माझं करून घेतलं. तिला कुठे अडकवू? गाढवपणा माझा."

एक ओळ. जिने दोन वाक्यांसाठी आठ खाडाखोडी केल्या होत्या, तिला ही ओळ एका झटक्यात आली असती. आज कानात कुणी नव्हतं, कॅमेरा बंद होता, दार लावलेलं होतं.

"मर्व्ह," ती म्हणाली. "त्या दिवशी ना..."

मर्व्हने मान वर केली. तो इतक्या विश्वासाने बघत होता की केरिनला त्याचा रागच आला. इतकं भोळं कुणी असतं का? एकदा तरी विचार ना माझ्यावर डोळे वटारून, की बाई, ते बटण खरं होतं का? तो विचारता तर तिने सांगितलं असतं, असं तिला वाटलं. पण तो विचारणारा नव्हता.

"त्या दिवशी?" मर्व्ह म्हणाला.

"त्या दिवशी तुम्ही फार दमलेले होतात."

मर्व्हने थोडा विचार केला, आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. "होतो ना. अगदी बरोबर. झोपच नव्हती. तेच झालं असणार." त्याने कोटाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. "म्हणजे मी आलो ते ह्यासाठी. खात्याला विनंतीचं पत्र लिहिलंय, निदान थोडी सूट द्या म्हणून. पूर्वी हे सगळं बेव्ह करायची. तू शब्दांतली माणूस आहेस. जरा चूक-बिक बघतेस का?"

केरिनने पत्र वाचलं. अक्षर मोठं, प्रत्येक ओळ उजवीकडे खाली घसरलेली. 'माझी पत्नी वारली आणि माझ्या मूर्खपणामुळे मी चुकीचं बटण दाबलं. यात दुसऱ्या कुणाचाही दोष नाही.'

तिने पेन उचललं. 'माझ्या मूर्खपणामुळे' वर रेघ मारली आणि वर बँकेतल्या सुबक अक्षरात लिहिलं, 'अतिशय थकव्यामुळे'. पुढे 'मी चुकीचं बटण दाबलं' चं 'माझ्याकडून चुकीचं बटण दाबलं गेलं' केलं. दुसऱ्या वाक्यावर तिचं पेन थांबलं. मग ते वाक्य तिने तसंच राहू दिलं.

मर्व्हने ओठ हलवत ते वाचलं. "वा," तो म्हणाला. "आता कसं सभ्य वाटतंय. स्वतःला मूर्ख म्हणवत नव्हतं गं, पण दुसरा शब्द सुचेना." त्याने बोटाने खाडाखोड चाचपली. "असं नको पाठवायला. एक कोरा कागद मिळेल?"

केरिन कोपऱ्यातल्या प्रिंटरपाशी गेली. ट्रेमध्ये वरचे कागद कंपनीचं नाव छापलेले होते. ते उचलून तिने बाजूला ठेवले आणि खालचा साधा कागद काढला.

मर्व्हने चष्मा लावला, बाह्या वर केल्या आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं. तारीख. पत्ता. माननीय महोदय. तो सावकाश लिहीत होता, ओळ घसरू नये म्हणून दुसऱ्या हाताने खाली पाकिटाची कड धरत होता. त्यामुळे कागद धरायला हात उरेना आणि कागद सारखा सरकत होता. केरिन त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि कागदाचा वरचा कोपरा तिने बोटाने दाबून धरला, त्याची सही होईपर्यंत.