तुझा समुद्र आलाय

हॉस्पिटलच्या तळघरात एक्सरे काढण्यात तिचा जन्म गेला होता, म्हणून तिला सगळे एक्सरेबाईच म्हणत. घरी फोन आला तरी लोक विचारत, एक्सरेबाई आहेत का? तळघराला खिडकी नव्हती. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, एवढं दिवसभर बोलायचं आणि वर यावं तो दिवस मावळलेला. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे तिला पेशंटच्या ओल्या छत्रीवरून कळायचं. निवृत्त झाल्यावर काय करणार, असं कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं होतं: समुद्राच्या कडेकडेनं जायचं, रस्ता संपेपर्यंत.

तिच्या नवऱ्याला कप्तान म्हणत. तो बाटल्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होता, पण तरुणपणी कारखान्याच्या फुटबॉल टीमचा कप्तान होता आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. माणूस वाईट नव्हता. हसरा, बोलका, चारचौघांत रमणारा. फक्त त्याला चारचौघं लागत, आणि बायको काही त्या चारचौघांत मोडत नव्हती.

दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले. कप्तानानं कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याकडून कॅराव्हॅन घेतली. चाकांवरचं घरच ते. आत घडीचा पलंग, दोन शेगड्या, हातभर ओटा आणि माणूस जेमतेम उभा राहील एवढं न्हाणीघर. बाईनं पडदे शिवले. त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायची, उडू नये म्हणून त्याच्या एका कोपऱ्यावर साखरेचा डबा ठेवायची, आणि पेन्सिलीनं समुद्राकाठचा रस्ता गिरवायची. पहिला मुक्काम खाडीच्या तोंडाशी. मग काळ्या वाळूचा किनारा. मग तो कडा, जिथे वसंतात पक्षी इतके बसतात की दगड दिसत नाही म्हणे. मग दीपगृह, आणि शेवटी मच्छीमारांचं बंदर, जिथे रस्ताच संपतो. कप्तान चहा पिता पिता मान डोलवायचा. "तू ठरव, मी चालवतो," म्हणायचा. तिला तेवढं पुरे होतं. तिला स्वतःला एवढं मोठं धूड चालवता येत नव्हतं.

निघायच्या आधी लेकीनं बापाला भेट म्हणून गाडीच्या टपावर बसवायची डिश आणली. त्याची लाडकी टीम त्या वर्षी पहिल्यांदाच स्पर्धा जिंकेल अशी चिन्हं होती आणि शेवटचे सामने नेमके प्रवासाच्या दिवसांत येत होते. डिशवाला आला, अर्धा दिवस टपावर चढून ठोकठाक करत बसला. बटण दाबलं की डिश हळूहळू उठायची आणि गरगर फिरून आकाशात उपग्रह शोधायची. सापडला की थांबायची. डिशवाल्यानं दोघांना समजावून सांगितलं: उपग्रह आकाशात एकाच जागी असतो, त्याच्या आणि डिशच्या मधे झाड, इमारत, डोंगर, काही येता कामा नये. मग त्यानं सहज विचारलं, कुठे निघालात? बाईनं कौतुकानं सगळा रस्ता सांगितला.

डिशवाला हसला. "मग मात्र जरा कठीण आहे. त्या रस्त्याला एका अंगाला समुद्र आणि एका अंगाला सरळ उभा डोंगर. उपग्रह आहे डोंगराच्या अंगाला."

बाईनं कप्तानाकडे पाहिलं, तर तो टपाकडे बघत होता. बघू, पुढचं पुढे, एवढंच म्हणाला. तिनंही विषय वाढवला नाही. एक हौस त्याची, एक आपली, असं तिनं मनाला समजावलं.

पहिल्या दिवशी खाडीच्या तोंडाशी पोहोचायला संध्याकाळ झाली. शेवटचं वळण येण्याआधीच खिडकीतून खारा वारा आत आला आणि एक्सरेबाईनं लहान मुलासारखं डोकं बाहेर काढलं. गाडी थांबली. पलीकडे झाडांच्या रांगेमागे लाटांचा आवाज येत होता. ती चप्पल शोधत होती, तेवढ्यात कप्तान म्हणाला, "अगं, जरा थांब. सामना सुरू व्हायचाय. तू टीव्हीवर नजर ठेव आणि आकडा किती येतो ते सांग. मी गाडी मागेपुढे करून बघतो."

ती टीव्हीपुढे बसली. पडद्यावर सिग्नलची पट्टी होती. गाडी चार हात पुढे गेली. "आला का?" नाही. चार हात मागे. "आता?" थोडा वाढला. गेला परत. डिश टपावर घरघरत फिरत होती, थांबत होती, पुन्हा फिरत होती. कप्तान उतरला, शिडी लावून वर चढला, हातानं डिश ढकलून पाहिली, वरून ओरडून विचारत राहिला. बाई आतून उत्तरं देत राहिली. समुद्र तिच्या पाठीशी होता. मधे एकदा ती उठली, तर वरून आवाज आला, जाऊ नकोस, आत्ताच काहीतरी हललं. ती बसली. शेवटी अंधारून आलं तेव्हा कप्तान घामाघूम होऊन आत आला, गाडी सुरू केली आणि डोंगर ओलांडून पलीकडच्या मोकळ्या माळावर घेऊन गेला. सकाळी परत येऊ, म्हणाला. दुसरा अर्धा सामना त्याला मिळाला आणि टीम जिंकली.

सकाळी ते परत गेले नाहीत. माळाजवळ पेट्रोलपंप होता आणि पंपामागच्या मैदानात आणखी पाच-सहा कॅराव्हॅन लागल्या होत्या. त्यांच्यापैकी कुणाकडे डिश नव्हती. कप्तानाकडे आहे म्हटल्यावर माणसं गुळाभोवती मुंग्या जमाव्यात तशी जमली. घडीच्या खुर्च्या आल्या. कप्तानानं टीव्ही दारात ओढून ठेवला आणि जुन्या दिवसांतले किस्से सुरू केले. त्याच्या चेहऱ्यावर असं तेज बाईनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ती चहा करत होती. दोन शेगड्या, पातेलं एक, आणि माणसं येतच होती. एक बाई मदतीला उठली, तर कप्तान म्हणाला, बसा हो, हिला सवय आहे.

मग तोच क्रम पडला. पुढचा मुक्काम कुठे, हे नकाशा ठरवीनासा झाला. कप्तान इतर गाड्यांच्या लोकांना विचारायचा, आकाश मोकळं कुठे आहे, डोंगर कुठे आडवा येत नाही, आणि तिकडे गाडी वळवायचा. ट्रकतळ. बंद पडलेल्या साखर कारखान्याचं आवार. एकदा चक्क मालाच्या गोदामामागे. समुद्र डोंगरापलीकडे, कधी तासाभराच्या अंतरावर, कधी त्याहून कमी. एकदा एका घाटवळणावर दोन टेकड्यांच्या फटीतून तो दिसला, चांदीच्या पत्र्यासारखा, आणि ती "अहो" म्हणेपर्यंत वळण संपलं.

पक्ष्यांच्या कड्याचा फाटा मागे पडला तेव्हा तिनं तोंड उघडलं. गाडी थांबवायला लावली.

"मी समुद्रासाठी निघाले होते," ती म्हणाली. "टीव्ही घरीपण होता."

कप्तान दुखावला. त्याला खरंच वाटत होतं की दोघांचं छान चाललंय. "समुद्र कुठे पळून जातोय का? टीम मात्र जन्मात एकदा अंतिम सामन्यात आली आहे. तो होऊ दे. मग शेवटचे दोन दिवस तुझे. तू म्हणशील तिथे गाडी. माझा शब्द."

त्यानं शब्द दिला म्हटल्यावर तिनं मूग गिळले. अंतिम सामन्याला मैदानात जत्रा लोटावी तशी गर्दी झाली. टीम जिंकली. परक्या माणसांनी कप्तानाला खांद्यावर घेतलं, जणू गोल यानंच मारला होता, आणि तो रडला. त्या क्षणी तिला त्याचा राग आला नाही. उलट तिच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि याचाच पुढे तिला सगळ्यात जास्त राग येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता. कप्तानाचं डोकं दुखत होतं, पाठ धरली होती. एवढे दिवस गाडी हाकून माणूस लोखंडाचा राहतो का, म्हणाला. थोडं पडतो, मग निघू. बाईनं अंथरूण सोडून बाकी सगळं आवरून ठेवलं, नकाशा पुढच्या सीटवर उघडून ठेवला आणि दाराशी बसून पावसाकडे पाहत राहिली. आत तो पडल्या पडल्या चॅनेल बदलत होता. एकदम त्याचा आवाज आला, खूश झालेला.

"अगं, लवकर ये. तुझा समुद्र आलाय."

ती आत गेली. पडद्यावर तोच रस्ता होता. कुठल्यातरी प्रवासाच्या कार्यक्रमात एक तरुण निवेदिका गाडीतून जात होती. खाडीचं तोंड, काळी वाळू, आणि पांढऱ्या पक्ष्यांनी गजबजलेला तो कडा. खरंच दगड दिसत नव्हता. कड्याखालच्या शेवाळलेल्या पायऱ्या निवेदिका जपून उतरली. मग दीपगृह. मग बंदरात होड्यांतून टोपल्या उतरवणाऱ्या बायका. कप्तानानं सरकून तिला जागा दिली, उशी पाठीशी लावून दिली. ती बसली. बसायला नको होतं, हे तिला बसतानाच कळलं, पण बसली, आणि शेवटपर्यंत पाहिलं.

"बघ," तो समाधानानं म्हणाला. "झालं की नाही? वारा नाही, भिजणं नाही. आणि इतकं सगळं आपल्याला तरी दिसलं असतं का?"

तिनं नकाशा घडी करून ठेवला. दुपारी पाऊस थांबला तेव्हा त्यानं विचारलं, जायचं का मग? आणि पाठीवर हात ठेवून कण्हला. ती म्हणाली, घरी चला.

घरी पोहोचल्यावर दोन दिवसांनी लेक आणि जावई जेवायला आले. जावयानं विचारलं, कसा झाला प्रवास? बाई वाढत होती. कप्तानानं बोलायला सुरुवात केली आणि तिचा हात वाटीवरच राहिला. तो काळ्या वाळूचं वर्णन करत होता, ती उन्हात कशी चमकते ते. तो पक्ष्यांचा कलकलाट काढून दाखवत होता. बंदरातल्या बायका एकमेकींना कशा हाका मारतात ते सांगताना त्यानं आवाज असा लांबवला की लेक खळखळून हसली. तो सांगायचा फार छान. कदाचित सांगता सांगता त्याचं त्यालाही खरं वाटू लागलं होतं.

"आपण गेलो नाही तिथे," बाई म्हणाली. "हे टीव्हीवर पाहिलं."

कप्तान हसला आणि जावयाकडे बघून म्हणाला, एक-दोन जागा राहिल्या, त्याचा राग आहे अजून.

लेक स्वयंपाकघरात तिच्या मागोमाग आली. "आई, बाबांनी या वयात एवढी गाडी चालवली. चारचौघांत त्यांना असं खोटं पाडायचं? तुला ना कशानंच समाधान नाही."

बाईनं सांगायचा प्रयत्न केला. पंप, गोदाम, डोंगर, सिग्नलची पट्टी. पण तिचं सांगणं तुटक होतं. तळघरात ती तीनच वाक्यं बोलायला शिकली होती. लेक ऐकत होती, पण तिच्या डोळ्यांपुढे बापानं उभा केलेला समुद्र इतका लख्ख होता की आईचं माळरान त्यापुढे कुठे टिकणार. ती म्हणाली, बरं, जाऊ दे आता, आणि ताटं घेऊन बाहेर गेली.

उन्हाळ्यात कॅराव्हॅन लेक आणि जावई घेऊन गेले. डिश त्यांनी काढून ठेवली, त्यांना तिची गरज नव्हती. कप्तानानं जावयाला रस्ता समजावून सांगितला, कुठे थांबायचं, कुठून कडा चांगला दिसतो. बाई शेजारीच होती. तुम्हीही चला, असं लेक एकदा म्हणाली, पण पलंग एकच आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं.

दोन दिवसांनी दुपारी फोन आला. कप्तानानं घेतला. पलीकडून लेकीचा आनंदानं भरलेला आवाज बाईलाही ऐकू येत होता. बाबा, अगदी तुम्ही सांगितलं तस्संच आहे सगळं. कप्तानाची छाती फुगली. सांगितलं नव्हतं? असं दोनदा म्हणाला. मग लेकीनं आईला फोन द्यायला सांगितला.

बाईनं फोन कानाला लावला. लेक काही बोलत नव्हती. तिनं फोन समुद्राकडे धरला असावा. लाट येत होती, फुटत होती, खडे ओढत मागे जात होती.

"ऐकू येतंय ना, आई?" लेक म्हणाली. "तुला आठवण येत असेल, म्हणून म्हटलं."

कप्तान समोरून हातानं खुणा करत होता. कड्याखाली उतरायच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, त्यांना सांग, विसरू नकोस. तो खरोखरच काळजीत होता.

बाईनं क्षणभर डोळे मिटले.

"येतंय ऐकू," ती म्हणाली. "बाबा म्हणतायत, कड्याखालच्या पायऱ्या निसरड्या आहेत. जपून उतरा."

आणि फोन त्याच्या हातात देऊन ती आत गेली.