कोऱ्या कळांचा कीबोर्ड

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. इतका जुना, की माझ्या कळांवर आता एकही अक्षर शिल्लक नाही. नवखा माणूस माझ्यासमोर बसला तर त्याला घाम फुटतो. 'क' कुठे, 'म' कुठे, काही पत्ता लागत नाही. तरीही मी जे अनुभवलं ते माझ्या चकचकीत भावंडांच्या वाट्याला आलं नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. मला छाती नाही, पण तुम्ही समजून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाभोवती टोप्या घातलेल्या बायका बसायच्या आणि एकेक कळ दाबून पाहायच्या. माझी पाळी आली तेव्हा एका बाईने माझ्या मधल्या ओळीतल्या दोन कळांवरून अंगठा फिरवला. त्या दोन कळांवर तांदळाच्या कणीएवढे दोन उंचवटे आहेत. "हा ठीक आहे," असं म्हणून तिने मला खोक्यात घातलं. मला मात्र कितीतरी वर्षं वाटायचं, की ही माझ्यातली खोट आहे. सगळं अंग कसं सपाट, आणि नेमक्या मधोमध या दोन पुटकुळ्या!

माझी पहिली नोकरी एका रुग्णालयात, केसपेपरच्या खिडकीवर. तिथल्या कारकुनाची बोटं म्हणजे हातोडे. आजाऱ्यांची नावं, वयं, पत्ते, सकाळपासून नुसता ठणठणाट. "याच्यासारखा दणकट दुसरा नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि मी फुगून जायचो. नऊ वर्षं मी मान वर केली नाही. हळूहळू माझी अक्षरं झिजली. एक दिवस नवा कीबोर्ड आला आणि माझी रवानगी जिन्याखालच्या खोलीत झाली. मोडकी स्टुलं, फुटका वजनकाटा आणि मी. वर धूळ साचत गेली. आता आपलं संपलं, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

त्या रुग्णालयात एक टेलिफोन ऑपरेटर होती. सगळे तिला ताई म्हणायचे. ताईला जन्मापासून दिसत नव्हतं, पण तीनशे अंतर्गत नंबर तिच्या जिभेवर होते. घरच्या संगणकासाठी जुना कीबोर्ड मिळेल का, असं तिने भांडारप्रमुखांना विचारलं. ते मला फडक्याने पुसत ओशाळून म्हणाले, "हा आहे बघा, पण याची अक्षरं पार गेलीत हो."

"माझ्या कुठे उपयोगाची होती ती?" ताई हसून म्हणाली.

तिने मला मांडीवर घेतलं. तिच्या दोन्ही हातांची बोटं माझ्यावर भिरभिरली आणि त्या दोन उंचवट्यांवर येऊन थांबली. "हं, बोटांचं घर सापडलं. इथून बाकीच्या कळा आपोआप सापडतात," ती म्हणाली. मित्रांनो, जिला मी जन्मभर खोट समजत होतो, ती माझी ओळख होती, हे मला त्या दिवशी कळलं.

ताईच्या घरी दोनच माणसं, ती आणि तिचे बाबा. आई ताईच्या लहानपणीच गेलेली. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, आता निवृत्त झाले होते, तरी आजूबाजूच्या इमारतींत लिफ्ट अडकली की लोक त्यांनाच हाक मारायचे. पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल होतं, तिथे माझी जागा. संगणकात एक बोलणारी बाई होती. पडद्यावर जे येईल ते ती खणखणीत आवाजात वाचून दाखवायची.

आणि मग एका संध्याकाळी ताईने तो खेळ सुरू केला. त्यात चित्र नव्हतं, रंग नव्हता, फक्त शब्द. जगभरातली माणसं एकाच वेळी त्यात उतरायची आणि आपापलं पात्र घेऊन हिंडायची. बोलणारी बाई म्हणाली, "तू एका गावाच्या वेशीवर उभी आहेस. पश्चिमेला नदीचा आवाज येतो. उत्तरेला डोंगर आहे. त्याचं शिखर ढगांच्या वर आहे." ताईने माझ्यावर 'उत्तर' असं टंकलं. आणि काय सांगू! माझ्या चार-सहा कळा दबल्या आणि एक अख्खं जंगल उभं राहिलं. ओल्या मातीचा वास, दूर कुठे लांडगा, पायाखाली मोडणारी काडी. नऊ वर्षं मी नावं आणि पत्ते लिहिले होते. माझ्यातून जंगल निघू शकतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी अवाक झालो, आणि खरं सांगायचं तर अजून तसाच आहे.

या खेळात पन्नास पातळ्या होत्या. लढावं, शिकावं, एकेक पातळी चढावी. मेलात तर तीन पातळ्या खाली, आणि गावातल्या विहिरीपाशी पुन्हा जाग. बहुतेक लोक टोळ्या करून चढायचे. कुणी दहाव्या, विसाव्या, तिसाव्या पातळीला पोहोचलं की साऱ्या राज्यात दवंडी व्हायची, आणि तिच्यात सोबत्यांची नावंही असायची. ताईने आपल्या पात्राचं नाव ठेवलं खारूताई. पहिल्याच दिवशी एका टोळीने तिला बोलावलं. ताईने लिहिलं, 'आभार. मी एकटीच चढणार.'

का एकटी? कारण बाहेरच्या जगात तिला एकटं कुणी सोडतच नव्हतं. रस्ता ओलांडायचा नसला तरी लोक दंड धरून ओलांडून द्यायचे. फक्त घर ते बसथांबा एवढी सात मिनिटांची वाट, तेवढी ती वर्षभरापासून काठी टेकत एकटी जायची. तिचा तिला केवढा अभिमान! "बाबा, आपला फुटपाथ किती चांगला आहे हो, कधी काही आडवं येत नाही," असं ती म्हणायची. बाबा म्हणायचे, "हो ना. लोक सुधारले." रोज सकाळी तिच्या आधी अर्धा तास ते फिरायला जायचे.

दोन वर्षांत खारूताई तिसाव्या पातळीला पोहोचली. दवंडी झाली, 'खारूताई, पातळी तीस. सोबत: कोणी नाही.' ताईने ते बोलणाऱ्या बाईकडून पाच वेळा वाचून घेतलं. जेवताना ती बाबांना सगळं सांगायची. आज कुठपर्यंत गेले, उद्या कुठली दरी. नशीबही तिच्यावर खूश होतं. ज्या दरीत जायचं तिथला सर्वांत दांडगा राक्षस नेमका कुणीतरी मारून ठेवलेला. वाटेत कधी औषधाची मुळी पडलेली, कधी पाण्याची पखाल.

मित्रांनो, ते नशीब कोण होतं हे मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे आहे?

दुपारी ताई कामावर असताना बाबा माझ्यासमोर बसायचे. त्यांनीही एक पात्र केलं होतं, नाव पाना. आयुष्यभर हातात पाना धरलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! पण माझ्यावर अक्षरं नाहीत, आणि बाबांना अक्षर पाहिल्याशिवाय बोट टेकवता येईना. म्हणून त्यांनी चिकटपट्टीचे बारीक तुकडे कापून त्यांवर अक्षरं लिहिली. रोज दुपारी ते कळाकळांवर चिकटवायचे, एका बोटाने तासन्‌तास राक्षसांशी झुंजायचे, आणि ताई यायच्या आत एकेक तुकडा सोलून डबीत ठेवायचे. तिच्या वाटेवर काटा राहू नये, एवढीच त्यांची धडपड.

एक दिवस दुपारी शेजारच्या इमारतीतल्या बाई धावत आल्या. "काका, लवकर चला, लिफ्टमध्ये दोन मुलं अडकलीत!" बाबा हत्यारांची पिशवी उचलून तसेच पळाले. आणि त्या दिवशी ताई लवकर घरी आली.

तिने बोटांचं घर शोधायला हात टेकले. तिथे चिकटपट्टी! तिची बोटं थबकली. मग ती एकेका कळेवरून फिरली. प्रत्येक कळेवर एकेक तुकडा. ज्याला दिसतं असं माणूस घरात एकच. ताई हुशार होती, तिला फार वेळ लागला नाही.

बाबा परत आले तेव्हा ती खुर्चीत ताठ बसली होती.

"बाबा, दरीतला राक्षस कोण मारायचं?"

बाबांनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

"आणि त्या मुळ्या? ती पखाल?"

"अगं, तुला लागू नये म्हणून..."

"शब्दांनी लागतं का कुणाला?" तिचा आवाज चढला, आणि मग एकदम खाली आला. "बाबा, तुम्ही रोज सकाळी फिरायला कुठे जाता?"

बाबा म्हणाले, "फुटपाथवर सायकली असतात गं. बादल्या असतात. एकदा तर गटाराचं झाकणच उघडं होतं. मी आपला ते सगळं नीट करून येतो."

"म्हणजे इतकी वर्षं मी एकटी चालतच नव्हते." ताईच्या डोळ्यांतून पाणी माझ्यावर पडलं. "इथेही तुम्ही माझा हात धरलात. तोही मला न सांगता. धरायचाच होता तर उघड धरायचा हो बाबा."

तिने ते तुकडे एकेक करून सोलून काढले आणि बाबांच्या हातावर ठेवले. मग तिने खेळ उघडला आणि एकतिसाव्या पातळीवरची खारूताई पुसून टाकली. बाबा कळवळले, "अगं, दोन वर्षांची मेहनत!" ती म्हणाली, "त्यातली माझी किती, ते मला माहीत नाही." नव्या पात्राचं नाव तिने ठेवलं मुंगी. पातळी एक.

"ही पन्नासला पोहोचली की मी बसथांब्यापर्यंत एकटी जाईन," ताई म्हणाली. "तोवर तुम्ही सोबत या, उघड. त्यानंतर मात्र पुढेही यायचं नाही आणि मागेही यायचं नाही. कबूल?"

"कबूल," बाबा म्हणाले. पण तो आवाज काही कबूल झालेल्या माणसाचा नव्हता.

पुढची तीन वर्षं मी जे अनुभवलं त्याला धाडस म्हणावं की वेड, मला कळत नाही. पहिल्याच महिन्यात मुंगी अकरा वेळा मेली. आता वाटेत मुळी नव्हती, पखाल नव्हती. दांडगे राक्षस जागच्या जागी होते. ताई प्रत्येक वाट पाठ करत होती. कुठल्या गुहेत प्रतिध्वनी कसा येतो, राक्षसाने श्वास घेतला की त्यानंतर किती शब्द ऐकून पळायचं. विहिरीपाशी पुन्हा जाग आली की ती एक खोल श्वास घ्यायची आणि माझ्यावर टंकायची, 'उत्तर'. पुन्हा 'उत्तर'. एकाच शब्दात एवढी हिंमत मावते, हे मी बोटांच्या दाबावरून शिकलो. तो दाब कधी कमी झाला नाही.

सत्तेचाळिसाव्या पातळीवर हिमखिंड आली. तिथे मुंगी सहा वेळा पडली, आणि दर वेळी नव्याने तीन पातळ्या चढली. सहाव्यांदा ताईने माझ्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललंच नाही. दाराशी बाबा उभे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा माझ्यासमोर येऊन बसले. खिशातून ती डबी काढली. झाकण उघडलं. एक तुकडा बोटावर घेऊन माझ्यावर धरला. त्या जुन्या दोन वर्षांत पाना मुंगीहून वर चढलेला होता, खिंडीतला राक्षस तो सहज मारू शकत होता, आणि ताईला कधीच कळलं नसतं. त्यांचा हात माझ्यावर लटकत राहिला. मी एक साधी वस्तू, पण त्या क्षणी माझ्या साऱ्या कळा आखडल्या होत्या. मग बाबांनी तो तुकडा परत डबीत टाकला आणि डबी कचऱ्याच्या टोपलीत. ते स्वतःशीच म्हणाले, "नको. तिचा राक्षस आहे." आणि उठून चहा करायला गेले. मित्रांनो, पन्नास पातळ्यांच्या त्या अख्ख्या राज्यात याहून अवघड चढण मला माहीत नाही.

आठ दिवसांनी मुंगीने हिमखिंड ओलांडली. पुढे महिनाभर बर्फातली चढण. आणि एका रविवारी सकाळी बोलणारी बाई म्हणाली, "तू शिखरावर आहेस. ढग तुझ्या पायांखाली आहेत. इथून पुढे वर काहीच नाही." मग दवंडी झाली, 'मुंगी, पातळी पन्नास. सोबत: कोणी नाही.' कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांचे ओळीमागून ओळ निरोप आले. ताईची बोटं माझ्यावर नुसती ठेवलेली होती.

"बाबा, मागे उभे आहात ना? श्वास ऐकू येतोय."

"मी काही केलेलं नाही हं," बाबा घाईघाईने म्हणाले.

"माहीत आहे," ताई हसली. "म्हणून तर चढता आलं."

सोमवारी सकाळी ती काठी घेऊन निघाली. बाबांनी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या. मग ते माझ्यासमोर येऊन बसले आणि दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं. जागचं न उठण्यासाठी काहीतरी धरायला हवं होतं. खिडकीतून काठीची टकटक ऐकू येत होती. मध्येच धाडकन काहीतरी पडलं. सायकल असावी. बाबा अर्धे उठले. ताई कुणाला तरी म्हणाली, "सायकल भिंतीला लावा हो!" टकटक पुन्हा सुरू झाली. बाबा बसले. टकटक बारीक होत गेली आणि थांबली. त्यांचा अंगठा माझ्या त्या दोन उंचवट्यांवर होता आणि घामाने ओला झाला होता.

पाऊण तासाने टेलिफोन वाजला. बाबांनी तो जवळजवळ पाडलाच. पलीकडून रुग्णालयाच्या ऑपरेटरचा खणखणीत आवाज आला, मलाही ऐकू येईल इतका.

"पोहोचले, बाबा. सोबत: कोणी नाही."

बाबा कितीतरी वेळ टेलिफोन कानाला लावून बसले होते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसत जा, अक्षरं गेली म्हणून कुणाला जिन्याखाली टाकू नका, हे मी सांगणारच होतो, आणि सांगितलं. पण एक मागणं आणखी आहे. ज्याच्यावर तुमचा जीव आहे तो आपल्या डोंगराला लागला, की त्याच्या पुढे धावू नका. घरी थांबा. हात आवरत नसतील तर माझ्यासारखं काहीतरी घट्ट धरा. मी दणकट आहे, मोडत नाही.