तांबडी खूण

गिरधरने पुण्यात भूगर्भशास्त्राची पदवी घेतली, सरकारी खात्यात खडक तपासायची नोकरी मिळवली आणि सुट्टीत घरी येऊन गावाला एक नवा देव दिला. तोही नकळत.

एकोणचाळीस सालच्या त्या उन्हाळ्यात रनाळ्याच्या विहिरी तळाला गेल्या होत्या. गावाबाहेर काळ्या दगडांची लांबच लांब रांग आहे. ही जमिनीत खोल गेलेली खडकाची भिंतच. चढावरून मुरत येणारं पाणी तिला अडून तुंबणार, तेव्हा तिच्या वरच्या अंगाला विहीर खणायची, हे गिरधरला लख्ख दिसत होतं. जागा चुकू नये म्हणून त्याने तिथल्या उभ्या दगडावर, खात्याच्या सवयीने, डब्यातला तांबडा रंग फासला. खानदेशात जन्मलेल्या माणसाला एवढं कळू नये? शेंदरी दगडाला आपल्याकडे दुसरं काय म्हणतात?

सकाळी तिथे नारळ फुटले होते. देवाच्या पायाशी कुदळ लावायला कोणी धजेना. रंग मीच लावला, असं गिरधर घसा बसेपर्यंत सांगत फिरला. विहिरी खणण्यात हयात घालवलेल्या झिपरूने ते शांतपणे ऐकून घेतलं.

"रंग तू लावा व्हई," तो म्हणाला, "पन लाई लिधा देवनीच."

म्हणजे गिरधर नुसता कुंचला, रंग लावून घेणारा देवच.

घरी त्याहून वाईट. त्याची आई रुखमाबाई त्याच दगडाला नवस बोलून आली होती: गावाला पाणी लागेपर्यंत आपण थेंबही घेणार नाही. दुसऱ्या दिवशी तिचे ओठ फुटले, जीभ जड झाली. गिरधर पाया पडला, रागावला, तांब्या हातात धरून रडला. ती तोंड फिरवून पडून राहिली. आपण फासलेला रंग आपल्याच आईचा जीव घेणार, या विचाराने त्याला वेड लागायची वेळ आली.

भर दुपारी तो दगडापाशी गेला, टोपी फेकली आणि सगळ्यांदेखत घुमू लागला. पदवीधर माणूस, घुमणं काही धड जमेना.

"मन्हा पायजोडे खंदा," तो दगडाच्या पायथ्याशी बोट दाखवत ओरडला. "माले तीस लागनी."

तहान आईची होती, म्हणून तेवढं मात्र खरं वाटलं. झिपरूने हात जोडले आणि पहार उचलली. बघता बघता सगळं गाव पाळीपाळीने मुरूम उपसू लागलं.

गिरधर धावत घरी आला. देवाने हुकूम दिलाय, आता पी, म्हणत त्याने तांब्या पुढे केला.

"तुन्हा अंगमा देव उना नही," रुखमाबाई कशीबशी बोलली. "तुले खोटं बोलता येत नही, गिरधर. पन तू देवनं नाव लिधं. आते पानी लागाले जोयजे. तवलोंग मी पेत नही."

आता त्याच्या साऱ्या शिक्षणावर आईचा जीव टांगला होता. तो खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. प्रत्येक टोपली वर आली की हात घालून पाही. कोरडी. पुन्हा कोरडी. आपण जागाच चुकलो असलो तर?

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना ओला मुरूम वर आला; जागा चुकली नव्हती. गिरधरने मूठ भरली, तसाच धावत सुटला आणि आईच्या तळव्यावर तो गोळा ठेवला. तिने तो बोटांनी चाचपला, गालाला लावला. मग डोळे उघडले.

"हाई ते माती शे, बेटा," ती म्हणाली. "पानी लागनं का, ते सांग."

त्याने तिची मूठ मिटवली आणि पुन्हा विहिरीकडे पळाला.