चौऱ्याहत्तर किलो गटाचा निकाल

धनसिंग पावराची पाठ व्यासपीठाला लागली. दोन्ही खांदे, मधली सगळी पाठ आणि सत्काराची शाल, एकदम. फळ्या अशा वाजल्या की शेवटच्या रांगेतली माणसंही उभी राहिली.

पण असं काही घडलंच नाही. तापी-गिरणा विद्यापीठाच्या अहवालात ‘माजी क्रीडापटूंचा गौरव सोहळा खेळीमेळीत संपन्न झाला’ असं छापून आलंय, आणि विद्यापीठच म्हणतंय म्हटल्यावर आपणही तसंच धरून चालू.

तर मुख्तार पिंजारी जळगावच्या त्या सभागृहात व्यासपीठावरच्या तिसऱ्या खुर्चीत खेळीमेळीत बसला होता. शेरवानी काखेत काचत होती, मांडीवर नारळ होता. सोहळ्याचं नाव ‘मैदानापलीकडचं यश’. मुख्तारचं यश गाद्यांचं. कॉलेजात असताना तो लोकांना गादीवर पाडायचा, आता गाद्या शिवायचा. भडगावपासून सावद्यापर्यंत लोक त्याच्या गादीवर आपणहून आडवे होत. शेजारच्या खुर्चीत धनसिंग. धुळ्याकडे नायब तहसीलदार, क्रीडा कोट्यातून. कोट्यासाठी जोडलेलं प्रमाणपत्र २००९ च्या विद्यापीठ स्पर्धेतल्या अंतिम कुस्तीचं: चौऱ्याहत्तर किलो गट, विजयी धनसिंग, उपविजयी मुख्तार.

त्या कुस्तीत शेवटच्या मिनिटाला धनसिंगची पाठ लागली होती. मुख्तारने पाहिलं होतं, धनसिंगला कळलं होतं. फक्त पंच प्रेमराज सर त्या क्षणी शिट्टीत अडकलेली बडीशेप काढत होते. शिट्टी मोकळी झाली तोवर धनसिंग उलटून वर आला होता, आणि गुणांवर जिंकलाही.

मुख्तारला त्याची नोकरी नको होती. ज्याच्या म्हणण्याला शिक्का असतो अशा कुणीतरी ‘पाठ लागली होती’ एवढं म्हणावं, इतकंच त्याला हवं होतं. सोळा वर्षं तो झोपेत उशीचे खांदे दाबत आला होता. बायकोनं, सितारानं, मध्ये लोड ठेवायला सुरुवात केली त्यालाही आता बारा वर्षं झाली होती.

“काय धनसिंगभाऊ,” मुख्तार समोर बघतच म्हणाला, “बठ्ठं बरं शे ना?”

“बरं शे.”

“पाठ दुखस का?”

धनसिंगने नारळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला. “आठे नको, मुख्तार. साहेब लोके बठेल शेतस.”

तेवढ्यात सूत्रसंचालन करणाऱ्या ममता मॅडमनी दोघांना एकत्र पुकारलं. “आणि आता, चौऱ्याहत्तर किलो गटातली गाजलेली जोडी!” सत्कार प्रेमराज सरांच्या हस्ते होता. सर आता क्रीडा संचालक झाले होते, सुटात होते. त्यांनी दोघांना शाली घातल्या, फोटोग्राफरकडे पाहिलं, दोघांच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, “हात मिळवा.”

चूक इथे झाली, आणि ती पैलवान सोडून दुसऱ्या कुणाकडून झालीच नसती. समोर जोडीदार, मध्ये पंच, आणि पंच म्हणतोय हात मिळवा. हात मिळाले. सुटले तेव्हा दोघांचे गुडघे वाकलेले होते, आणि सर सवयीनं दोन पावलं मागे सरकले होते.

पहिल्या खडाखडीला लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग धनसिंगचं कपाळ मुख्तारच्या भुवईवर आदळलं आणि रक्त शेरवानीच्या कशिद्यावर उतरलं. टाळ्या थांबल्या. मुख्तारने खाली वाकून पायांना मिठी घालत पट काढला. दोघं पाहुण्यांच्या टेबलावर गेले, टेबल कुलगुरूंवर गेलं. धनसिंगने खालून मुख्तारचं मधलं बोट धरलं आणि मागे वाकवलं. ते तुराटीसारखं कडकन मोडलं. मुख्तारने कोपर खाली आणलं. धनसिंगचा एक दात पुष्पगुच्छात पडला.

ममता मॅडमना कुणी थांब म्हटलं नव्हतं, त्यामुळे त्या मानपत्र वाचतच होत्या. “...ज्यांनी आपल्या विनम्र वागणुकीने समाजापुढे आदर्श ठेवला...”

सोडवायला आलेला सुरक्षारक्षक समईसकट खाली गेला आणि तिथेच पडून राहिला. त्याला ते जास्त सुरक्षित वाटलं.

“अजी!” पहिल्या रांगेतून सितारा ओरडली. “शेरवानी किराये की है!”

त्याच क्षणी शेरवानी काखेत टर्रकन फाटली. हात मोकळा झाला. मुख्तार खाली शिरला, मान धनसिंगच्या काखेत, हात मांडीत, आणि कलाजंग भरून त्याने ते अख्खं महसुली धूड खांद्यांवर उचललं. धनसिंगचं रक्त त्याच्या कानावर टपटपत होतं. त्या कानात धनसिंग बोलला.

“सरना समोर टाक.”

मुख्तारला वाटलं, आता हा सैल सोडणार. पण धनसिंगने दुसऱ्याच क्षणी त्याच्या मोडक्या बोटावर मूठ आवळली आणि जिवाच्या आकांताने सुटायला लागला. मुख्तार कळवळला, तसाच पाव गिरकी फिरला, आणि त्याने टाकलं.

फळ्या वाजल्या. शेवटची रांग उभी राहिली. प्रेमराज सर सुटासकट गुडघ्यांवर आले, गाल फळीला टेकवून त्यांनी दोन्ही खांद्यांखाली पाहिलं, आणि तळहाताने चितपटाची जोरात थाप मारली.

मग ते उठले. गुडघे झटकले. आपल्या तळहाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

“राष्ट्रगीत घ्या,” ते म्हणाले.

सगळे सावधान उभे राहिले. मुख्तार आणि धनसिंगही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दोघांच्या खाटा शेजारी होत्या. मुख्तारचा उजवा हात प्लास्टरमध्ये, धनसिंगचं डाव्या बाजूचं गळपट्टीचं हाड मोडलेलं. सर सकाळी येऊन, थाप वगैरे काही मारली नाही, असं सांगून गेले होते.

“अर्ज करनं पडी,” धनसिंग दाताच्या फटीतून म्हणाला.

“मना हात हाऊ असा. लिखी कोन?”

“मी लिखस. मना उजवा चांगला शे.”

मुख्तार डाव्या कोपरावर रेलून त्याच्याकडे वळला. “नोकरी जाई तुनी.”

“माले नको शिकाडू,” धनसिंग म्हणाला, आणि त्याने नर्सकडून कोरा कागद मागून घेतला. वळणदार, कचेरीतल्या अक्षरात तो लिहू लागला:

‘विषय: चौऱ्याहत्तर किलो गटाच्या निकालाबाबत.

महोदय, सन २००९ च्या अंतिम कुस्तीत अर्जदार क्रमांक दोन यांची पाठ लागली असून सदर बाब त्या वेळी नजरचुकीने राहून गेली आहे. सदर पाठ काल आपल्या समक्ष पुन्हा लावून दाखविण्यात आली व आपण स्वहस्ते थाप मारून ती मान्य केली आहे. तरी सदर थाप पूर्वलक्षी प्रभावाने ग्राह्य धरून अर्जदार क्रमांक एक यांना विजयी घोषित करण्यात यावे. त्यामुळे उद्भवणाऱ्या कोणत्याही परिणामास अर्जदार क्रमांक दोन यांची हरकत नाही. निकाल दोघांनाही एकाच टपालाने लेखी कळविण्यात यावा, ही नम्र विनंती.’