आठवडाभराचा देव

आमच्या मुख्याध्यापकांना दरवर्षी काहीतरी नवीन सुचतं आणि ते निस्तरायला मी असते. या वर्षी त्यांनी फर्मान काढलं, प्रत्येक वर्गाने एक जुनी संस्कृती घ्यायची आणि आठवडाभर ती जगायची. "पुस्तकातून नको हं बाई, कृतीतून!" पिरॅमिड आणि ममीवाल्या सोप्या संस्कृती वरच्या वर्गांनी आधीच पळवल्या. पाचवीच्या, म्हणजे माझ्या वाट्याला अ‍ॅझ्टेक आले.

खोटं कशाला बोलू, मजा आली. पुठ्ठ्याच्या खोक्यांचं पायऱ्यापायऱ्यांचं देऊळ उभं राहिलं. प्रत्येकाने आपल्या जन्मदिवसाचं चिन्ह रंगवलं. ससा मिळालेले खूश, गिधाड मिळालेले रडवेले. बिनसाखरेचा, पाण्यातला कोको प्यायलो, म्हणजे मी प्यायले, बाकीच्यांनी खिडकीतून थुंकला. मातीच्या बासऱ्या केल्या, गच्चीत वाळवल्या. निम्म्या मुक्याच निघाल्या. ज्या वाजल्या त्यांचा सूर ऐकून मानेवर कुणीतरी फुंकर घातल्यासारखं वाटायचं.

मग मी त्यांना धुरकट आरशाच्या देवाची गोष्ट सांगितली. त्याचं खरं नाव घेताना माझीच जीभ अडखळली, मुलांचं सोडाच. त्या लोकांत दरवर्षी एका तरुणाला हा देव म्हणून निवडत. देवाचं सोंग म्हणून नव्हे, देवच म्हणून. वर्षभर तो बासरी वाजवत गावातून फिरे, लोक त्याच्यापुढे वाकत, फुलं देत. इथवर सांगून मी थांबले. पुढचं गाळलं. दहा वर्षांच्या पोरांना काय सगळंच सांगत बसायचं?

"आणि वर्ष संपल्यावर, बाई?" मॉनिटरने विचारलं. भारी चौकस कार्टी.

"दुसरा निवडायचे," मी म्हणाले आणि फळा पुसला.

आपल्या वर्गातही आठवड्यासाठी एक देव निवडायचा ठरलं. चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी मी काढली आणि तिच्यावर काय लिहिलं होतं ते न बघताच नाव वाचलं. पुसटचं.

पुसट हे वर्गाने ठेवलेलं नाव. ती लिहायची इतकं फिकं की वही उजेडात तिरकी धरावी लागे. बोलायची तसंच. तिच्यासोबत डबा खायला कोणी बसत नसे. भांडण म्हणून नाही, ती आहे हेच कोणाच्या लक्षात राहत नसे. सहलीला एकदा तिला बसमध्येच विसरून आम्ही सगळे उतरलो होतो, आणि त्या सगळ्यांत मीही होते. म्हटलं, आठवडाभर तरी पोरीकडे बघतील. करायला गेले एक.

पहिल्या दिवशी सगळे तिच्यापुढे हसत हसत वाकले. दुसऱ्या दिवशी हसू ओसरलं, वाकणं राहिलं. मधल्या सुट्टीत तिच्या डब्याभोवती सगळे, आणि तिने पहिला घास घेतल्याशिवाय कोणी खायचं नाही. ती ताठ चालू लागली. आपली बासरी वाजवत व्हरांड्यातून जायची आणि भिंतीला टेकून पोरं वाट द्यायची. फाटकाशी तिची आई भेटली, तिचे डोळे भरून आले होते. "बाई, काय जादू केलीत हो? घरी गाणं गुणगुणते, पोटभर जेवते." मला कोण आनंद झाला! ओरडून सगळ्यांना सांगावंसं वाटलं.

पण वर्ग फार शांत होता. चाळीस पोरांचा वर्ग इतका शांत नसतो. मी आत आले की पोरं आधी पुसटकडे बघायची, तिने मान हलवली की मग "नमस्ते बाई." आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसं एकमेकांत हळू बोलायची. गुरुवारी सगळ्यांनी आपापल्या बासऱ्या तिच्या बाकावर आणून ठेवल्या. मला ते आवडलं नाही. का, ते सांगता येईना.

शाळा सुटल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

"बाई, शेवट मला माहीत आहे."

"कसला गं शेवट?"

"तुम्ही गाळलात तो. आम्ही लायब्ररीत वाचला."

"तसलं काही आपण करत नाही. उद्या टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचं. कळलं?"

"हो, बाई," ती म्हणाली. इतकं स्पष्ट ती कधीच बोलली नव्हती.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी शिक्षकखोलीत चहा घेत होते. वर जिन्यात काहीतरी फुटलं. थोड्या वेळाने आणखी काहीतरी. पोरं काय कपबश्या फोडतात की काय, असं म्हणेपर्यंत तिसरा आवाज आला आणि मला कळलं. त्या गोष्टीतला देव शेवटी देवळाच्या पायऱ्या आपल्या पायांनी चढतो. कोणी ओढून नेत नाही. चढताना एकेका पायरीवर एकेक बासरी मोडतो. आणि वर त्याचं काळीज काढतात.

मी धावले. पायऱ्यापायऱ्यांवर मातीचे तुकडे पडले होते, चपलेखाली करकरत होते. वर, गच्चीच्या कुलूपबंद दारापाशी, बाकावर पुसट उताणी होती. चौघींनी तिचे हातपाय धरले होते. मॉनिटरच्या एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात लाल कार्डपेपरचं काळीज. बाकी वर्ग मान खाली घालून उभा.

"हळू, बाई," मॉनिटर म्हणाली. "झालं आत्ताच."

पट्टी प्लॅस्टिकची होती, काळीज कागदाचं होतं, मला दिसत होतं ना सगळं! तरी मी गुडघ्यांवर बसले आणि तिच्या छातीला कान लावला. धडधडत होतं. माझंच जास्त.

"ऊठ. संपला खेळ. ऊठ आधी!"

तिने डोळे उघडले. "सोमवारपासून मी परत पुसटच ना, बाई?"

"नाही गं, असं कसं?" मी म्हणाले. इतकं पोकळ मी आयुष्यात काही बोलले नसेन. तिने ते ऐकून घेतलं आणि डोळे पुन्हा मिटले.

"मग हेच बरं," ती म्हणाली.

सोमवारी मी देऊळ मोडून अडगळीत टाकलं, चिन्हं उतरवली, कडक आवाजात हजेरी घ्यायला बसले. मॉनिटर उभी राहिली. "बाई, पुढचा देव निवडायचाय. चिठ्ठ्या नकोत. ज्यांना व्हायचंय त्यांनी हात वर केलेत."

मी मान वर केली. निम्म्या वर्गाचे हात वर होते. शेवट सगळ्यांना ठाऊक होता, आणि तरी. त्यांतल्या कितीकांकडे मी वर्षभरात नीट पाहिलं तरी होतं?

"हात खाली!" मी ओरडले. खाली आले, पण सावकाश.

मग नावं घेऊ लागले. पुसटचं आलं. तिचं खरं नाव, आईबापांनी ठेवलेलं.

"ती गेली, बाई," वर्ग एका सुरात म्हणाला. त्यात टवाळी नव्हती. परगावाहून उशिरा आलेल्याला सांगतात तसं समजावून सांगितलं.

ती तिच्या जागेवर होती, दप्तर मांडीवर घेऊन. शेजारणीने, ती जागा रिकामी असल्यासारखा, आपला डबा निम्म्या बाकापलीकडे, तिच्या पुढ्यात ठेवला होता. मी जवळ गेले. हात धरला, ऊबदार होता. "हजर म्हण, बाळा. एवढं एकदाच म्हण."

तिने माझ्याकडे मायेने पाहिलं, आणि ओठ मिटून घेतले.

मी तिच्या नावापुढे 'हजर' लिहिलं. वर्गात कोणालाच ते खरं वाटलं नाही. तिलाही नाही.